दोन आठवड्यांत स्क्रीन मागणाऱ्या प्रोजेक्टमध्ये युएक्सची प्रोसेस कुठे बसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. युएक्सच्या, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव आखण्याच्या, कोर्समध्ये तुम्ही पाच पायऱ्या शिकलात: वापरकर्ता समजून घ्या, समस्या नेमकी मांडा, कल्पना काढा, प्रोटोटाइप (चाचणीपुरता नमुना) बनवा, चाचणी घ्या. पहिल्याच नोकरीत मात्र प्रॉडक्ट मॅनेजर फीचर्सची यादी हातात ठेवतो, दोन आठवड्यांत स्क्रीन मागतो, रिसर्चला वेळ नाही म्हणून सांगतो आणि वापरकर्त्यांशी बोलायची परवानगीही देत नाही. मग खऱ्या टीम्स ही प्रोसेस पाळतात का, की तुमचीच कंपनी चुकतेय? आणि पुढच्या मुलाखतीत पोर्टफोलिओ म्हणून दाखवायचं काय?

आधी थेट उत्तर देते. त्या पायऱ्यांमधली कामं चांगल्या टीम्स करतात. पण त्याच क्रमाने, प्रत्येक वेळी, सगळीच्या सगळी करणारी टीम माझ्या पाहण्यात आलेली नाही. तुमची कंपनी चुकतेय की नाही हे नुसत्या 'दोन आठवडे' या मुदतीवरून ठरत नाही. ते कशावरून ओळखायचं यावर पुढे लिहिते.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात मला आणखी एक अवघड प्रश्न दिसतो. वेळ नेहमीच अपुरा पडणार असेल, तर कुठलं काम करायचं आणि कुठलं सोडायचं हे कशाच्या आधारे ठरवायचं? कोर्समध्ये याचं उत्तर सहसा मिळत नाही, कारण तिथला प्रोजेक्ट शिकण्यासाठीच आखलेला असतो. त्यात जुनी सिस्टीम नसते, डेव्हलपर नसतो, सवयी लागलेले ग्राहक नसतात, आणि विक्री विभागाने कुणाला तारखेचा शब्द दिलेला नसतो.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. एजन्सीत काम करत असाल तर काय काय सुपूर्द करायचं हे करारातच लिहिलेलं असतं. तिथे रिसर्च, वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा), अंतिम डिझाईन हे टप्पे बिलाच्या ओळी असतात, त्यामुळे ते वेगवेगळे आणि नीटनेटके दिसतात. कंपनीच्या स्वतःच्या प्रॉडक्टवर काम असेल तर टप्पे एकमेकांत मिसळून जातात. मागच्या तिमाहीत कुणीतरी ग्राहकांशी बोललेलं असतं, सपोर्ट टीमकडे तक्रारींचा साठा असतो, फनेलचे आकडे, म्हणजे कुठल्या पायरीवर किती लोक गळतात ते, असतात. म्हणजे 'समजून घेणं' तुमच्या दोन आठवड्यांच्या आधीच थोडंफार झालेलं असतं, फक्त ते तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं. टीममध्ये एकच डिझायनर आहे की आठ, प्रॉडक्ट अजून बाजारात यायचंय की त्याला दहा वर्षं झालीत, चुकलं तर कुणाचा वेळ जाईल की कुणाचे पैसे जातील, यावरही उत्तर बदलतं.

आकृत्यांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण नव्या डिझायनरवर त्यांचं दडपण फार असतं. ब्रिटनच्या डिझाईन कौन्सिलने २००५ साली 'डबल डायमंड' मांडला. आधी विचार फाकवायचा, मग आवळायचा. एकदा समस्येसाठी आणि एकदा उत्तरासाठी. डिझायनर काय करतात हे इतरांना सांगायला तो फार उपयोगी आहे. पण मंगळवारी दुपारी तुम्ही काय करावं हे तो सांगत नाही. 'ह्यूमन-सेंटर्ड डिझाईन'चं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९२४१-२१०, चार कामं सांगतं: वापराचा संदर्भ समजून घेणं, वापरकर्त्यांच्या गरजा नोंदवणं, डिझाईन करणं, आणि त्या गरजांच्या कसोटीवर ते तपासणं. हेच मानक स्पष्टपणे सांगतं की ही कामं गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करायची आहेत आणि सॉफ्टवेअर बांधण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींमध्ये, अगदी वॉटरफॉलमध्येही (एक टप्पा संपवूनच पुढच्यात उतरायचं, अशी पद्धत), ती बसवता येतात. वॉटरफॉलची तर गंमतच आहे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या ज्या लेखातल्या आकृतीवरून ही पद्धत जगभर पसरली, त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं होतं की असं एका दमात खाली उतरत जाणं जोखमीचं आहे. लोकांनी आकृती उचलली आणि मजकूर मागे राहिला. पाच पायऱ्यांच्या बाबतीत आज तेच होताना दिसतं, आणि त्याचा त्रास तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांना होतो. त्यांना वाटतं, आपण एखादी पायरी गाळली म्हणजे आपलं काम खोटं.

आता मी काय करते ते सांगते.

काम हातात आलं की मी टप्पे आखत नाही. आपल्याला काय माहीत नाही, याची यादी करते. त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारते. हे आपण चुकीचं धरलं तर नुकसान किती? आणि चूक उशिरा कळली तर ती मागे घेणं किती कठीण? दोन्हीची उत्तरं 'फार' अशी येतात तिथे वेळ घालवायचा. दोन्हीची उत्तरं 'फारसं नाही' अशी येतात तिथे सरळ रुळलेला पॅटर्न वापरायचा आणि पुढे जायचं.

बटणावरचा मजकूर रिलीजच्या दुसऱ्या दिवशीही बदलता येतो. पासवर्ड बदलण्याच्या स्क्रीनवर मूलभूत संशोधन करण्याची कुणालाच गरज नाही. ते काम लोकांनी हजारो वेळा करून झालंय. पण एखाद्या नोंदीच्या कोणत्या अवस्था असू शकतात, कुणाला काय दिसावं आणि काय बदलता यावं, मुख्य मेन्यूची विभागणी कशावर आधारलेली असावी, हे निर्णय डेटाबेसपर्यंत आणि लोकांच्या सवयींपर्यंत खोल जातात. सहा महिन्यांनी ते बदलायचे म्हणजे निम्मं प्रॉडक्ट उकलावं लागतं. नवे डिझायनर बहुतेकदा उलटं करतात. जे डोळ्यांना दिसतं त्यावर दिवस घालवतात, आणि अवस्था व अधिकार यांचे निर्णय डेव्हलपर कोड लिहिताना परस्पर घेऊन मोकळा होतो. त्यात डेव्हलपरचा दोष नाही. कुणीतरी ते ठरवायला हवंच होतं.

एक उदाहरण देते. विम्याच्या दाव्यांची छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक अंतर्गत सॉफ्टवेअर होतं. मागणी आली, 'डॅशबोर्ड हवा, वरिष्ठांना कामाचा आढावा घेता आला पाहिजे.' मुदत जवळपास तुमच्याइतकीच. डॅशबोर्ड कसा दिसावा हे आम्हाला माहीत नव्हतं, पण त्यातली जोखीम कमी होती. कुठला आलेख कुठे ठेवायचा हे कधीही बदलता येतं. काळजी वाटत होती ती वेगळ्या गोष्टीची: डॅशबोर्डवर जे आकडे दाखवायचे ते खरे आहेत का? म्हणून आम्ही छाननी करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलो, काही न विचारता नुसतं बघत. जवळजवळ प्रत्येकाच्या दुसऱ्या खिडकीत एक स्प्रेडशीट उघडी होती. सॉफ्टवेअरमध्ये दाव्याला 'प्रलंबित' अशी एकच अवस्था होती. पण प्रलंबित कुणामुळे? रुग्णालयाकडून कागद यायचाय, ग्राहकाने सही करायचीय, की आपल्याच वैद्यकीय सल्लागाराने मत द्यायचंय? रोज सकाळी कुणाला फोन करायचा हे त्यावर ठरायचं, आणि ते सॉफ्टवेअरला माहीतच नव्हतं. आम्ही 'प्रलंबित'चे तुकडे पाडले, 'कुणाकडे थांबलंय' हे नोंदवायची सोय केली आणि मागितलेल्या डॅशबोर्डऐवजी एक साधी गाळता येणारी यादी दिली. वरिष्ठांना जे बघायचं होतं ते त्या यादीतून आपोआप दिसायला लागलं.

याला 'वापरकर्ता समजून घेण्याची' पायरी म्हणा हवं तर. पण आम्ही शेजारी जाऊन बसलो ते प्रोसेसमध्ये लिहिलंय म्हणून नव्हे. आकडे खोटे निघाले तर पुढचं सगळं काम वाया जाणार होतं, आणि ते तपासायला दुसरा मार्ग नव्हता. आकड्यांची खात्री असती तर आम्ही हे केलंही नसतं.

वापरकर्त्यांशी बोलायची परवानगीच नाही, असंही तुम्ही म्हणता. हे पुष्कळ ठिकाणी असतं आणि मला ते मनापासून खटकतं, पण त्यावर वाद घालण्याआधी आसपास काय उपलब्ध आहे ते बघा. सपोर्टची तिकिटं वाचा, आणि वर्गवारी न बघता मूळ वाक्यं वाचा, कारण वर्गवारी कंपनीच्या भाषेत असते आणि वाक्यं ग्राहकाच्या. ॲपमधल्या सर्चमध्ये लोक काय टाइप करतात आणि त्यांना काय सापडत नाही ते बघा. नव्या ग्राहकांना प्रशिक्षण देणाऱ्या माणसाला गाठा. कुठे दरवेळी थांबून समजवावं लागतं हे त्याला तोंडपाठ असतं. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला प्रोटोटाइप दाखवणं काहीच न दाखवण्यापेक्षा बरं, पण त्याला कंपनीचे शब्द आधीच कळतात हे विसरू नका. बटण सापडतं का, एवढंच त्याच्याकडून कळेल. ती गोष्ट करावीशी वाटते का, हे कळणार नाही.

दोन आठवड्यांचं म्हणाल तर माझी साधारण रीत अशी आहे. पहिल्या दिवशी समस्या एका परिच्छेदात लिहायची: हे कुणासाठी, ते आज काय करतात, कुठे अडतात, आणि हे सुटलं हे कशावरून कळेल. तो परिच्छेद प्रॉडक्ट मॅनेजरला पाठवायचा आणि विचारायचं, 'मला असं समजलंय, बरोबर आहे का?' या एका प्रश्नाने जितक्या गोष्टी बाहेर येतात तितक्या तासभराच्या मीटिंगमध्ये येत नाहीत. अनेकदा तेव्हाच कळतं की विक्री विभागाला एक हवंय, मॅनेजरला दुसरं, आणि यादीतलं फीचर ही दोघांमधली तडजोड आहे. ही तडजोड तुम्ही दहाव्या दिवशी शोधून काढण्यापेक्षा पहिल्या दिवशी समोर आलेली बरी.

मग कागदावर फ्लो (कुठल्या स्क्रीननंतर कुठली, हा क्रम), आणि तो लगेच, कच्चा असतानाच, डेव्हलपरसमोर. फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेली स्क्रीन बघून डेव्हलपर सहसा 'हो, होईल' म्हणतो किंवा गप्प बसतो. पेन्सिलच्या रेघा बघून तो मोकळेपणाने बोलतो: ही माहिती आपल्याकडे नसतेच, ही दुसऱ्या सिस्टीममधून रात्री एकदाच येते, हे दोन प्रकार आतून एकच आहेत. हे ऐकून फ्लो बदलतो, आणि बदललेलाच बरा. ज्या टीममध्ये डिझायनर आणि डेव्हलपरची पहिली भेट हँडऑफच्या, म्हणजे तयार डिझाईन सोपवण्याच्या, दिवशी होते, तिथे प्रोसेस कागदावर कितीही सुंदर असली तरी प्रॉडक्ट विस्कळीत निघतं, हे माझं अगदी ठाम मत आहे.

मधल्या दिवसांत स्क्रीन, आणि त्यांच्या सगळ्या अवस्था. यादी रिकामी असताना काय दिसेल, नाव फार लांब असलं तर, नेटवर्क मध्येच गेलं तर, परवानगी नसलेल्या माणसाने लिंक उघडली तर. वेळ कमी असेल तर मी मुख्य स्क्रीनची सजावट कमी करते, या अवस्था सोडत नाही. वापरणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, म्हणजे बदलायला अजून वेळ असताना, चार-पाच माणसांसमोर प्रोटोटाइप ठेवायचा. 'पाच माणसं पुरतात' हे तुम्ही ऐकलं असेल, आणि ते कुठून आलंय हे माहीत असावं. जेकब नील्सन आणि टॉम लँडावर यांनी १९९३ साली एक गणिती मॉडेल मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रोजेक्टमध्ये एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी सापडत होत्या. तो आकडा धरला तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के सापडतात. मात्र ३१ हा आकडा तुमच्या प्रॉडक्टचा असेलच असं नाही. वापरकर्त्यांचे प्रकार वेगवेगळे असले, काम गुंतागुंतीचं असलं, तर तो बराच खाली येतो. तो १० टक्के धरून तेच गणित केलं तर पाच माणसांत जेमतेम ४१ टक्के अडचणी हाती लागतात. म्हणून एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा, थोडी माणसं घेऊन दुरुस्ती करून पुन्हा थोडी माणसं, असं मी करते, आणि वेगळ्या गटाची माणसं वेगळी मोजते. पाच जणांपैकी तिघांना आवडलं म्हणून '६० टक्के वापरकर्त्यांची पसंती' असं मात्र कुठल्याही स्लाइडवर कधीही लिहू नका. ही चाचणी अडचणी शोधण्यासाठी आहे, मतमोजणीसाठी नाही.

पर्सोना (नमुना वापरकर्त्याचं वर्णन) आणि जर्नी मॅप (त्याच्या वापराच्या प्रवासाचा नकाशा) यांचंही विचारलंत. मी ते क्वचित करते. एकाच प्रॉडक्टवर अनेक टीम्स असतील आणि हे नक्की कुणासाठी यावर त्यांचं जमत नसेल तर उपयोग होतो. नाहीतर ते भिंतीवर राहतात.

आता स्प्रिंटचा प्रश्न. डेव्हलपमेंट दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक छोट्या फेऱ्यांत, चालत असेल तर डिझाईन त्याच स्प्रिंटमध्ये सुरू करून संपवणं जवळपास अशक्य आहे. त्यावरचा जुना उपाय म्हणजे डिझाईनने एक स्प्रिंट पुढे चालायचं. ऑटोडेस्कमधल्या युएक्स टीमच्या अनुभवावर आधारलेला २००७ सालचा लेख यासाठी बऱ्याचदा दाखवला जातो. आज डेव्हलपर जे बांधतोय ते मागच्या स्प्रिंटमध्ये तपासून झालेलं, आणि आज तुम्ही जे तपासताय ते पुढच्या स्प्रिंटमध्ये बांधायचं. मी हे वापरते, पण एका अटीवर: डेव्हलपर निदान एका चाचणीला येऊन बसला पाहिजे आणि डिझायनरने बांधलेलं फीचर रिलीजच्या आधी स्वतः वापरून पाहिलं पाहिजे. नाहीतर दोन टीम्स एकमेकींकडे फाइली ढकलत राहतात आणि तो वॉटरफॉलच होतो, फक्त लहान आकाराचा.

काही गोष्टींवर मात्र मी मुदतीपुढे मान तुकवत नाही. पैसे जातात त्या जागा, कायमचं पुसलं जाणारं काही, आरोग्याशी संबंधित माहिती, वैयक्तिक माहितीसाठी घेतलेली संमती, आणि ॲक्सेसिबिलिटी (अपंग व्यक्तींनाही वापरता येणं). शेवटचीला 'नंतर करू' म्हणण्याची सवय सगळीकडे आहे. पण साध्या आकाराच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक नियमांच्या 'एए' पातळीनुसार पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो. हे रंग निवडतानाच बघितलं तर दोन मिनिटांचं काम आहे. तेच रंग डिझाईन सिस्टीममध्ये (सगळ्या स्क्रीनवर वापरायच्या घटकांच्या संचात) आणि शंभर स्क्रीनवर गेल्यावर कित्येक आठवड्यांचं होतं. नवी म्हणून तुम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार नसेल, पण काय होऊ शकतं ते लिहून पाठवायला कुणी अडवत नाही. 'या स्क्रीनवर चुकून पूर्ण खातं पुसलं जाऊ शकतं, परत आणता येणार नाही, हे मान्य आहे का?' असं लिखित विचारलं की उत्तर देणारा विचार करतो.

तुमची कंपनी चुकतेय का, हे ओळखायला मी दोन गोष्टी बघेन. फीचर बाहेर गेल्यावर कुणी परत येऊन बघतं का, की यादीतलं पुढचं उचलतात? आणि पुरावा समोर आला तर ठरलेली गोष्ट बदलते का? रिसर्चचा वेगळा टप्पा नसलेल्या, पण रिलीजनंतर दर आठवड्याला आकडे आणि तक्रारी एकत्र बसून बघणाऱ्या टीमने फार चांगलं काम केलेलं मी पाहिलंय. तिथे रिसर्च रिलीजनंतर होतो, एवढाच फरक. याउलट महिनाभर मुलाखती घेऊन अहवाल बनवायचा आणि मग आधीच ठरलेलं तेच बांधायचं, अशा जागी प्रोसेसची सगळी नावं असतात आणि शिकणं नसतं. तुमच्याकडे दोन्ही प्रश्नांची उत्तरं सलग वर्षभर 'नाही' येत राहिली, तर दुसरी जागा शोधायला हरकत नाही.

राहिला पोर्टफोलिओ. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ साली सॉफ्टवेअर डिझाईनबद्दल एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्षातलं डिझाईन कधीच पूर्ण तर्कशुद्ध क्रमाने होत नाही, तरी कागदपत्रं मात्र ते तसं झालं असावं अशा रीतीने लिहावीत, कारण नंतर येणाऱ्याला आपल्या भटकंतीपेक्षा अंतिम रचना आणि तिची कारणं समजणं महत्त्वाचं असतं. टीमच्या अंतर्गत दस्तऐवजासाठी मला हे शंभर टक्के पटतं. पोर्टफोलिओसाठी पटत नाही. तिथे वाचणाऱ्याला तुमचं प्रॉडक्ट सांभाळायचं नसतं, तुम्ही विचार कसा करता हे बघायचं असतं. मी मुलाखती घेते तेव्हा पाच पायऱ्यांत चपखल बसवलेल्या केस स्टडी मला एकसारख्या दिसतात. जिथे लिहिलेलं असतं, 'वेळ दोन आठवडे, वापरकर्त्यांशी बोलता आलं नाही, म्हणून सपोर्टची तिकिटं वाचली, त्यातून हा एक अंदाज बांधला, हा दुसरा भाग मुद्दाम सोडला कारण तो नंतर बदलता येणार होता', तिथे मी थांबते आणि प्रश्न विचारायला लागते.

तेव्हा आत्ताच्या कामातून एक फीचर निवडा आणि ते असं लिहा: काय माहीत नव्हतं, त्यातलं काय शोधलं आणि काय सोडलं, कुणाच्या म्हणण्याने दिशा बदलली, बाहेर गेल्यावर काय झालं. परिणामाचे आकडे तुमच्याकडे नसतील तर 'मोजता आलं नाही' असं सरळ लिहा, आणि मोजायची संधी मिळाली असती तर कुठला आकडा, किती दिवसांनी बघितला असता, तेही खाली लिहा.